गॅस आपोआप बंद होतो

रफूवाल्या काकूंना कामाची पावती म्हणून एकच वाक्य हवं असायचं: "अहो, भोक होतं कुठे?" गिऱ्हाईक कोट उजेडात धरायचं, उलटासुलटा करून बघायचं, आणि बोट ठेवायला जागा सापडली नाही की हे वाक्य त्याच्या तोंडून निघायचं. काकू तेवढ्यावर खूष. कसर लागलेले लोकरी कोट, सिगारेटने जळालेल्या पँटी, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली, सगळं त्यांच्या खिडकीखालच्या टेबलावर यायचं आणि धड होऊन जायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्या धागा काढायच्या, आधी उभे धागे भरायच्या, मग आडवे. परका धागा त्यांनी कधी सुईत ओवला नाही. रफू केलेलं दिसलं तर ते ठिगळ, असं त्या म्हणायच्या, आणि ठिगळ हा शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारायच्या.

यजमान पंपवाले. शहराला पाणी सोडणाऱ्या पंपघरात मोठाले व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पंपाच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे घरात लाडाने बोलले तरी शेजाऱ्यांना वाटायचं की भांडण पेटलं. माणूस मात्र मेणासारखा मऊ. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा त्यांनीच करायचा, हा त्यांचा हट्ट. "सकाळची पाळी माझी," असं म्हणत ते काकूंच्या उशाशी कप आणून ठेवायचे. चहा काही खास नसायचा, कधी पाणचट, कधी काळाकुट्ट. काकूंनी त्याला नाव ठेवलं नाही. आयुष्यात आपल्यासाठी कुणी आपल्याआधी उठतं, हे सुख काही थोडं नाही.

मग पंपवाले विसरायला लागले. सुरुवातीला सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. एके दिवशी ते जुना गणवेश चढवून पंपघराच्या फाटकावर गेले आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालत बसले, की माझ्या पाळीला दुसरा माणूस कसा काय बसवला? पहारेकरी ओळखीचा होता म्हणून त्याने त्यांना घरी आणून सोडलं. दुसऱ्या शहरात राहणारा मुलगा धावत आला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि जेवणाच्या टेबलाशी मुलाने हळू आवाजात विषय काढला.

"आई, बायपासपाशी केंद्र आहे एक. चोवीस तास माणसं असतात. तुझ्याच्याने होणार नाही हे."

"मी कधी म्हटलं होत नाही म्हणून?"

"तू म्हणणारच नाहीस, तीच तर पंचाईत आहे."

त्यावर तोडगा इस्पितळानेच काढून दिला. तिथल्या स्मृती विभागात एका नव्या मशीनची चाचणी चालली होती. अशा माणसांच्या घरात ते बसवायचं, त्याने काही महिने घरातला कारभार बघायचा आणि मग सांगायचं की हा माणूस घरात सुखरूप राहू शकतो की नाही. मुलगा म्हणाला, "मशीन सांगेल ते मान्य." काकूंनीही मान डोलावली. म्हणजे पंपवाले आपल्या घरात आपल्या हाताने चहा करत म्हातारे होणार, की केंद्रातल्या खाटेवर, हे आता एका यंत्राच्या हातात गेलं. ते घरीच राहावेत, याखेरीज काकूंना जगाकडून काहीही नको होतं.

मशीन बसवायला एक तरतरीत मुलगी आली. घरात कॅमेरा लावू देणार नाही, हे काकूंनी दारातच सांगून टाकलं. मुलगी म्हणाली, नाहीच आहे कॅमेरा. तिने दाराला, खिडकीला, नळाला, गॅसच्या बटनांना, सिलिंडरला, कपाटांना बोटभर पांढऱ्या डब्या चिकटवल्या आणि दोघांच्या मनगटाला एकेक रबरी पट्टा बांधला.

"काका, याला आम्ही काही शिकवलेलं नाही बरं का," ती सांगत होती. "गॅस म्हणजे काय, नळ म्हणजे काय, याला ठाऊक नाही. कोण कुठे आहे ते पट्ट्यावरून कळतं आणि काय बदललं ते डब्यांवरून. कुणी काय केल्यावर काय बदलतं, हे बघून बघून ते स्वतःच नियम काढतं, आणि त्यावरून काही धोक्याचं दिसलं की ओरडतं. फक्त एक गोष्ट गृहीत धरतं. एकदा बदललं की ते तसंच राहतं, परत काहीतरी घडेपर्यंत."

"हे काय, व्हॉल्व्हचंच झालं," पंपवाले गरजले. "उघडला की उघडाच. कुणी येऊन फिरवला तर बंद. यासाठी मशीन कशाला?"

दर दोन आठवड्यांनी ती मुलगी यायची, टॅबवरून नियम वाचून दाखवायची आणि विचारायची, हे बरोबर का चूक. पहिल्या खेपेला मोठी करमणूक झाली. काका कडी काढतात, मग दार उघडं राहतं, कुणी लोटेपर्यंत. हे ठीकच होतं. पण पुढे मशीन म्हणत होतं की काकांनी कपाट उघडलं की बाहेर अंधार पडतो. पंपवाले रोज संध्याकाळी स्वेटर काढायला कपाट उघडायचे, त्याचा मशीनने असा अर्थ लावला होता.

"बघा, सूर्य माझ्या कपाटात," पंपवाले म्हणाले, आणि तिघंही पोट धरून हसली. मुलीने तो नियम चूक म्हणून खोडला.

नंतरचा नियम तिने वाचला आणि ती थबकली. "काका गॅस पेटवतात. गॅस पेटलेला राहतो. थोड्या वेळाने गॅस बंद होतो. आता हा बंद कोण करतं? त्या वेळी काका बाहेरच्या खोलीत दिसतात आणि काकू खिडकीपाशी."

खरी गोष्ट अगदी साधी होती. रफू करताना पट्ट्याला बारीक धागा अडकायचा, म्हणून काकू तो काढून टेबलावरच्या सुईदोऱ्याच्या डब्यात टाकायच्या. चहाला आधण यायचं, यजमान गॅस पेटता ठेवून बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून रस्ता बघत उभे राहायचे, आणि काकू तशाच उठून गॅस बंद करून यायच्या. पट्टा डब्यात, म्हणजे मशीनच्या लेखी काकू डब्यात. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांची नजर यजमानांकडे गेली. गॅस कोण बंद करतं, हे आठवायचा ते जिवाच्या आकांताने प्रयत्न करत होते, आणि आठवत नव्हतं.

"नवीन शेगडी आहे," काकू म्हणून गेल्या. "आपोआप बंद होते."

"असं होय," मुलगी म्हणाली. डबी चिकटवताना तिने शेगडी नीट बघितली नव्हती, आणि आताही दोन पावलं टाकून बघावी, हे तिला सुचलं नाही. तिला अजून बरीच घरं करायची होती. तिने बरोबरची खूण केली आणि ती निघून गेली.

अशी थाप एकदा मारली की ती सांभाळत बसावी लागते. त्या दिवसापासून काकूंचा पट्टा काम असो नसो डब्यातच राहू लागला. यजमानांनी नळ सोडला की काकू जाऊन बंद करायच्या. कडी लावायची राहिली की लावायच्या. गोळ्यांचं कपाट त्यांनी उघडलं आणि कशाला उघडलं ते विसरले, की काकू गोळी काढून त्यांच्या पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवायच्या. आणि हे सगळं कसं, तर त्यांनी पाठ फिरवल्यावर. मशीनला दिसू नये म्हणून पट्टा काढून ठेवला होता, पण यजमानांनाही दिसू नये म्हणून काकू आपल्याच घरात चोरपावलांनी वावरू लागल्या. रोजच्या दिवसाला जिथे जिथे भोक पडायचं तिथे तिथे त्या धागा भरत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना त्यात आनंदही व्हायचा. इतकं बारीक काम त्यांनी कुठल्या कोटावर केलं नव्हतं.

पंपवालेही खुलले. आपलं काही चुकत नाही, सगळं कसं जिथल्या तिथे होतं, हे बघून त्यांची छाती परत पुढे आली. शेजारणीला ते एकदा म्हणाले, "डॉक्टर लोकांना काय, कुणालाही आजारी पाडतात."

काही महिन्यांनी मशीनचा निकाल लागला. पंपवाले घरात राहायला योग्य. अर्धा दिवस एकटे सोडले तरी हरकत नाही, मशीन लक्ष ठेवून राहीलच. मुलाने निकाल वाचला, नियम काही वाचले नाहीत. निकाल हातात पडल्यावर नियम वाचतो कोण? त्याने फोन केला तेव्हा त्याच्या आवाजातून सुटकेचा श्वास ऐकू येत होता.

"आई, मी उगाच घाबरलो होतो. बाबा एकदम फर्स्ट क्लास. आणि तू काय मजेत आहेस गं, दिवसभर खिडकीत बसून असतेस म्हणे!"

"मग काय," काकू हसून म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्या पाय चोळत बसल्या. दिवसभर पाय दुखेपर्यंत राबावं आणि पोटच्या पोराने बसून असतेस म्हणावं, आणि ते त्याने म्हणावं म्हणूनच आपण राबावं! रागवायचं तरी कुणावर?

त्याच दिवशी फोनवरून मुलाने आणखी एक काम उरकलं. काकू बाहेर जायच्या तेव्हा शेजारीण येऊन पंपवाल्यांपाशी बसायची. त्याने तिचे आभार मानले आणि आता तुम्हाला त्रास नको, असं कळवून टाकलं.

आणि नेमके काकूंचे डोळे कुरकुरायला लागले. एका धाग्याचे दोन दिसायचे. रफूचं काम करणारीला हे परवडण्यासारखं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं, आणि जायचं तर यजमानांना एकटं ठेवायला हवं होतं. शेजारणीला परत बोलवावं तर ती मुलाला विचारणार, की निकाल चांगला आला ना, मग मी कशाला? काकूंनी बराच विचार केला. स्वतःच विणलेल्या जाळ्यात त्या अशा अडकल्या होत्या, की कुठूनही सुटायचं तर यजमानांना केंद्रात धाडूनच सुटता येणार होतं.

"मी दुपारपर्यंत येते," त्या म्हणाल्या. "मी आल्यावर चहा करू. तोवर गॅसपाशी जाऊ नका."

"मला काय लहान पोर समजलीस?" पंपवाले म्हणाले.

निघताना गॅस मुळाशी, सिलिंडरलाच बंद करून ठेवावा, असं काकूंच्या मनात येऊन गेलं. पण तो पेटला नाही की ते गोंधळणार, चिडणार, सगळ्यांना विचारत सुटणार. शिवाय मुळाशी बंद केलेला गॅस मशीनला कळणार. त्यांनी तो तसाच ठेवला.

दवाखान्यात रांग होती. डोळ्यांत थेंब घातले, बसवून ठेवलं, परत थेंब घातले. बाहेर पडल्या तेव्हा उजेड डोळ्यांत टोचत होता आणि रस्त्यावरची माणसं पुसट झाली होती. बसचा आकडा दिसेना. ज्याला त्याला विचारत, भिंतीच्या कडेकडेने त्या घरी पोचल्या तेव्हा जिन्यातच जळका वास आला. वर शेजारीण दार ढकलून आत शिरली होती आणि खोकत खोकत एकेक खिडकी उघडत होती. पांढऱ्या डब्या जागच्या जागी होत्या. त्यातल्या एकीनेही हूं की चूं केलं नव्हतं.

पंपवाले स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. पातेलं काळं ठिक्कर पडून वाकलं होतं, शेजारचं फडकं जळून त्याची राख झाली होती. उजव्या तळहाताची कातडी सोललेली होती. पातेलं त्यांनी तशाच हाताने उचलून बघितलं असावं. समोर दोन कप मांडलेले होते. शेजारीण अजून बाहेरच्या खोलीतच होती, आणि पातेल्याखाली ज्योत तशीच जळत होती.

काकूंनी चाचपडत बटन फिरवलं.

"अगं, आज बंदच होत नव्हता," पंपवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार होती. "रोज होतो ना आपोआप. मी वाट बघत बसलो."

काकू तिथेच फरशीवर बसल्या. आपण मशीनला फसवतो, मुलाला फसवतो, हे त्यांना माहीत होतं आणि त्याची त्यांना फारशी लाजही नव्हती. पण त्याच घरात तिसरं कुणीतरी रोज तेच बघत होतं आणि तेच शिकत होतं. आयुष्यभर व्हॉल्व्ह फिरवलेल्या माणसाला, उघडलेलं आपोआप बंद होतं, हे त्यांनी शिकवलं होतं. मोठ्या मेहनतीने, रोजच्या रोज. हाताला मलम लावताना त्या रडत होत्या, आणि पंपवाले डाव्या हाताने त्यांची पाठ थोपटत होते, की होईल गं, दुरुस्तीला टाकू शेगडी.

दुसऱ्या दिवशी मशीनवाली आली. तिचा चेहरा उतरला होता. "मशीन ओरडलं नाही, कारण त्याच्या हिशेबाने गॅस बंद होणारच होता," ती म्हणाली. मग ती वाकून शेगडी बघू लागली. साधी शेगडी, साधी बटनं.

"काकू, कोण बंद करायचं?"

"मी."

"मी बघायला हवी होती ही शेगडी," एवढंच ती म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर काकूंना बरं वाटलं असतं.

सगळं पहिल्यापासून शिकवायचं ठरलं. या वेळी काकूंनी पट्टा घट्ट आवळून घेतला आणि काढला नाही. धागे अडकायला लागले तेव्हा त्यांनी रफूची कामं परत पाठवून दिली. आता त्या पाठ फिरायची वाट बघत नव्हत्या. यजमानांच्या देखत नळ बंद करायच्या, देखत कडी लावायच्या. पंपवाले बघत राहायचे.

नियम वाचायच्या दिवशी मुलगाही आला. मशीनवाली टॅब घेऊन बसली. या खेपेला कुणी हसलं नाही.

"काका नळ सोडतात. नळ वाहत राहतो. काकू नळापाशी येतात, मग नळ बंद होतो." तिचा आवाज सपाट होता. "काका कडी काढतात. दार उघडं राहतं. काकू दारापाशी येतात, मग दार बंद होतं. काका गॅस पेटवतात. गॅस पेटलेला राहतो. काकू..."

"कळलं," मुलगा म्हणाला. तो आईकडे बघत होता.

"थांब रे," पंपवाले म्हणाले. पट्टी बांधलेला हात त्यांनी मांडीवर धरला होता. किती तरी दिवसांनी त्यांची नजर स्वच्छ होती. "पोरी, म्हणजे हे सगळं ही करते?"

"हो, काका."

"आणि मी काय करतो?"

मुलीने टॅबवर वरखाली बघितलं. काहीतरी चांगलं सापडतं का, ते शोधत असावी. "तुम्ही सुरू करता, काका."

पंपवाल्यांनी मान हलवली. "असला माणूस मी पंपघरात एक दिवस ठेवला नसता," ते म्हणाले. हे बोलतानाही आवाज मोठाच होता, बाहेर जिन्यापर्यंत ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंना जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात काही हालचाल नव्हती. पंपवाले पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसले होते. कधीपासून, कोण जाणे.

"चहा करताय ना? मी उभी राहते शेजारी," काकू म्हणाल्या.

"नको."

"अहो, माझ्यासाठी."

"सुरू केलं की कुणाला तरी मागे यावं लागतं," ते म्हणाले. "पाणी पिऊ का?"

काकूंना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. मागे यावं लागतं हे यजमानांनी विसरावं म्हणून काकूंनी पुढे किती दिवस वाट बघितली! जेवण विसरणारा, वार विसरणारा, मुलाचं नाव चाचपडणारा माणूस, पण ही एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. उठू का, दिवा लावू का, खिडकीत उभा राहू का? विचारल्याशिवाय ते कशाला हात लावेनात. घरात सुखरूप राहायला हे पुरेसं होतं. मशीन आता त्यांना नापास करू शकलं नसतं, कारण ते काहीच करत नव्हते. पण काकूंना ज्या माणसाला घरी ठेवायचं होतं तो माणूसच घरात उरला नव्हता, आणि त्या थकल्याही होत्या. मुलाने केंद्राचं विचारलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत.

न्यायला गाडी आली तेव्हा बॅग दारात तयार होती. काकूंनी स्वतः घड्या घातलेले कपडे त्यात होते. मुलगा ती घेऊन खाली गेला. पंपवाले स्टुलावर बसले होते, पायाशी बूट ठेवलेले.

"घालू?" त्यांनी विचारलं.

"घाला."

त्यांनी एक बूट घातला, नाडी नीट बांधली, आणि ताठ बसून ते काकूंकडे बघू लागले. काकूंनी दुसरा बूट त्यांच्या पायाजवळ सरकवला.

"हाही," त्या म्हणाल्या.